सगळ्या बोटीचा एकच स्वभाव

"साहेबानी सीसीटीव्ही पाठवलाय. बोलत न्हाय, नुसता बगतो."

हे वाक्य माझ्याबद्दल होतं. बोलणारा खलाशी रफिक रॅम्पच्या साखळीजवळ उभा होता. मी त्याच्यापासून चार पावलांवर लाईफ जॅकेटच्या पेटीवर बसले होते. इंजिनाच्या आवाजात मला ऐकू येणार नाही असं त्याला वाटलं असावं. मला ऐकू आलं. मी लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसले, न ऐकल्यासारखी. त्याच्या शेजारी नामदेव होता, तोही खलाशीच. तो हसला नाही. रफिकला फक्त म्हणाला, "दोर बघ."

आमच्या रायगडच्या किनाऱ्यावर खाड्या फार. समोर दिसणाऱ्या गावाला रस्त्याने जायचं तर सकाळ मोडते. म्हणून माणसं आणि गाड्या पलीकडे नेणाऱ्या फेरीबोटी चालतात. पुढची लोखंडी फळी धक्क्यावर टेकवायची, तिच्यावरून गाड्या आत घ्यायच्या. त्या फळीला रॅम्प म्हणतात. मी बसले होते ती अशीच एक बोट. खाडीचं नाव सांगत नाही, कंपनीचंही नाही. माणसांची नावं बदलली आहेत.

मी ऑनलाइन कोर्स तयार करते. माझा हुद्दा इन्स्ट्रक्शनल डिझायनर. आई शेजाऱ्यांना सांगते, "सायली कॉम्प्युटरवर शाळा बनवते." तेवढं पुरतं. ऑफिस बेलापूरला आहे, पण मी श्रीवर्धनला घरी राहून काम करते. माडीवरच्या खोलीत टेबल आहे, खिडकीला सुपारीचे शेंडे लागतात. दिवसभरात दहा-बारा वाक्यं बोलावी लागतात. मला ते बरं वाटतं.

आमच्या कंपनीचं मुख्य प्रॉडक्ट म्हणजे 'स्वभावानुसार शिक्षण'. कल्पना साधी आहे. सगळ्यांना एकच धडा एकाच पद्धतीने का द्यायचा? म्हणून कोर्सच्या आधी एक प्रश्नावली द्यायची. तुम्ही पटकन निर्णय घेता का, लोकांना विचारता का, आधी वाचता का, असे वीसेक प्रश्न. उत्तरांवरून सिस्टिम तुम्हाला चारपैकी एका टाइपमध्ये टाकते: नायक, साथी, निरीक्षक, अभ्यासू. मग तोच कोर्स टाइपप्रमाणे वेगळा दिसतो. नायकाला छोटी आव्हानं आणि स्कोअरबोर्ड. साथीला ग्रुपमध्ये चर्चा. निरीक्षकाला शांतपणे बघायचे व्हिडिओ. अभ्यासूला वाचायचा मजकूर.

ही प्रश्नावली ऑफिसात आम्हा सगळ्यांनाही भरायला लावली होती. मी निरीक्षक निघाले. खोटं नव्हतं ते. पण त्यानंतर क्लायंटच्या मीटिंगच्या आमंत्रणात माझ्या नावापुढे 'ऑप्शनल' असं येऊ लागलं. माझी टीम लीड मेघना मला एकदा प्रेमानेच म्हणाली होती, "तू रिलॅक्स कर, बोलायचं मी बघते. तुझा टाइप वेगळा आहे." मी हो म्हटलं. कुणी आपल्यासाठी बोलत असेल तर सवय लवकर लागते.

फेरी कंपनीने आमच्याकडून प्रवासी सुरक्षेचा कोर्स घेतला होता. गाड्या कशा लावायच्या, आग लागली तर काय, माणूस पाण्यात पडला तर काय. बोटीवरच्या सगळ्यांना तो पूर्ण करायचा होता, आणि धक्क्यावरच्या ऑफिसातल्या लोकांनाही. पहिला आठवडा झाला आणि सिस्टिमने लाल इशारा दिला. बोटीवरच्या सगळ्यांची प्रश्नावली जवळजवळ शब्दाला शब्द सारखी होती. सगळी बोट नायक. एकही साथी नाही, एकही निरीक्षक नाही.

एवढ्यावर भागलं नाही. कोर्सच्या चाचण्यांचे मार्कही एकमेकांना चिकटून. आणि सगळ्यांचं लॉगिन एकाच फोनच्या इंटरनेटवरून, नामदेवच्या.

फेरीचे ऑपरेशन मॅनेजर पाटीलसाहेब. पेणकडचे, कडक पण सरळ माणूस. त्यांनी दोन अधिक दोन केले. एका माणसाने सगळ्यांच्या वतीने कोर्स भरून टाकला, तो नामदेव. शुक्रवारी हेड ऑफिसला रिपोर्ट जाणार होता. त्यात नामदेवच्या नावापुढे 'गैरप्रकार' असा शेरा लिहायचं त्यांनी ठरवलं होतं.

मेघनाने मला फोन केला. "तू तिथलीच आहेस ना? जाऊन डेटा व्हेरिफाय कर. जस्ट टेक्निकल. शुक्रवारी कॉलवर मी आहेच."

म्हणून मी त्या पेटीवर बसले होते.

पहिल्या दिवशी काही हाती लागलं नाही. मी किनाऱ्यावरची असले तरी माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. मराठी नीट येतं, पण ते पुस्तकातून इस्त्री करून आणल्यासारखं. खलाशी आपसात ज्या वेगाने बोलतात तो मला कानाने पकडता येतो, तोंडाने नाही. मी काही विचारलं की सगळे एकदम सभ्य व्हायचे. "हो मॅडम. झाला कोर्स. चांगला होता मॅडम." मग मी विचारायचं थांबवलं आणि बघत बसले. सीसीटीव्ही हे नाव दुपारपर्यंत धक्क्यावरच्या चहावाल्यापर्यंत पोचलं होतं. त्याने मला चहा देताना रफिकला विचारलं, "कॅमेऱ्याला साखर किती?"

बोटीचं एक जग असतं. वर केबिनमध्ये सुकाणूवर तांडेल. कागदावर त्याला मास्टर म्हणतात, पण आमच्याकडे तांडेलच. इथले तांडेल हसनचाचा. साठीला आलेले, पांढरी दाढी, डोक्याला रुमाल. ते ओरडत नसत. केबिनच्या खिडकीतून नुसता हात बाहेर काढत. हात डावीकडे वळला की नामदेव जीप डावीकडे घ्यायला लावी. हात खाली झाला की रफिक साखळी सोडी. ड्रायव्हर लोक खलाशांशी हुज्जत घालत, हाताशी कुणी घालत नसे.

एका टेम्पोवाल्याने नामदेवला विचारलं, "मधी लावू का कडेला? तुला काय वाटतं?"

"मला काय वाटायचं?" नामदेव म्हणाला, आणि खिडकीकडे बघितलं.

मी ते ऐकलं, पण तेव्हा काही लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाड्या कमी होत्या. बोट पलीकडच्या धक्क्याला लागून उभी होती. रफिक सावलीत बसून फोनवर कोर्सची चाचणी देत होता. प्रश्न होता, बोटीवर एका गाडीच्या बॉनेटमधून धूर येतोय, तर आधी काय करावं. मी त्याच्या मागेच होते. रफिक शेजारच्याला म्हणाला, "आदी मानसं लांब. मग बाटला." बाटला म्हणजे आग विझवायचा लाल सिलिंडर. उत्तर अगदी बरोबर होतं. आणि मग त्याने सावकाश, विचार करून, चुकीच्या उत्तरावर बोट ठेवलं.

मी म्हणाले, "तुम्हाला येत होतं."

तो दचकला. कॅमेरा बोलेल असं त्याला वाटलं नव्हतं.

"येत व्हतं," तो म्हणाला.

"मग?"

त्याने वर केबिनकडे बघितलं. मग फोन माझ्यापुढे धरला. स्कोअरबोर्ड होता. सगळ्यात वर हसनचाचांचं नाव, खाली रफिक, त्याखाली बाकीचे. रफिक चाचांपेक्षा एक मार्क मागे होता.

"बरोबर दिलं असतं तं चाचांच्या बरोबरीला गेलो असतो. अजून एक दिलं की वर. तांडेलाच्या वर खलाशाचं नाव लावतात का कुटं?"

"पण हा तर खेळ आहे."

"म्हनूनच तं," रफिक म्हणाला. "खेळातपन न्हाय लावत."

मी जागेवर येऊन मागचा सगळा डेटा काढला. रोजच्या रोज कुणाचे किती मार्क, याचा आलेख. आता मला तो वाचता आला. वरची रेघ चाचांची. ती थोडी चढली की खालच्या सगळ्या रेघा चढत, आणि तिच्या बोटभर खाली येऊन थांबत. भरती आली की धक्क्याला बांधलेल्या होड्या एकदम उचलतात, तसं. सिस्टिमला ही नक्कल वाटली होती. त्यात नक्कल कुठेच नव्हती. सगळे बरोबर उत्तर शोधत होते, मग वर बघत होते, आणि मग ठरवत होते.

मार्कांचा उलगडा झाला. प्रश्नावलीचा बाकी होता. त्यासाठी नामदेवशी बोलायला हवं होतं, आणि नामदेव माझ्याशी बोलत नव्हता. त्याला माहीत होतं मी कशाला आलेय. तो मला 'मॅडम'ही म्हणत नसे, नाव न घेता वाक्य पूर्ण करी.

शेवटची फेरी संपल्यावर मी धक्क्यावर त्याच्याजवळ गेले. काय बोलायचं ते मनात जुळवून ठेवलं होतं. ते सगळं विसरून मी सरळ म्हणाले, "तुम्ही नाही भरलं ते. मला कळलंय. पण सगळ्यांनी सारखं का लिहिलं ते मला कळलेलं नाही."

तो दोर गुंडाळत होता. गुंडाळणं संपवलं, मग बोलला.

"तुमचा प्रश्न काय व्हता? अडचन आली तं तुमी काय करता."

"हो."

"आमाला सांगितलं कोर्स बोटीचा हाय. बोटीवर अडचन आली तं ठरवतो तांडेल. लगेच ठरवतो, कुनाला इचारत न्हाय. तेच लिवलं. रफिकनी तेच लिवलं. दुसरं काय लिवनार? मी वाचून मग ठरवतो असं लिवू? तवर बोट खडकावर."

"पण प्रश्न तुमच्याबद्दल होता. तुम्ही स्वतः कसे आहात याबद्दल."

तो पहिल्यांदा जरा हसला. "बोटीवर आमी स्वतः कुटं असतो?"

इंटरनेटचं कारण त्याहून साधं निघालं. खाडीच्या मध्यावर एकट्या नामदेवच्या सिमला रेंज येते. तो हॉटस्पॉट चालू करून फोन खिडकीत ठेवत असे, सगळे त्यावर कोर्स करत. डेटा त्याचा जात होता. हे तो पाटीलसाहेबांना का बोलला नाही, असं मी विचारलं.

"इचारलं न्हाय त्यांनी. तूच केलंस, असं सांगितलं."

मग त्याने मला एक गोष्ट सांगितली, ती सांगायची नसावी असं चेहऱ्यावरून वाटलं. कंपनी दुसरी बोट आणणार आहे. तिच्यासाठी तांडेल लागेल. तांडेलाच्या परीक्षेला कंपनी ज्यांना पाठवणार त्यांत त्याचं नाव होतं. गैरप्रकाराचा शेरा लागला तर परीक्षा सोडा, करारही पुढे होणार नाही. आधी तो गुजरातकडच्या ट्रॉलरवर होता. पाऊस संपला की जायचं, ते उन्हाळ्यात यायचं. मुलगी त्याला बघून दाराआड लपायची.

"आता गाडीचा आवाज आला की भायेर येते," तो म्हणाला. "परत ट्रॉलरवर गेलो तं परत दाराआड."

अशा वेळी काय बोलावं ते मला कधीच सुचत नाही. "उद्या सगळ्यांना परत पाच प्रश्न देते, भराल का?" एवढंच विचारलं.

घरी येऊन मी नवे प्रश्न लिहिले. त्यांत बोट नव्हती, काम नव्हतं. घरी नवा फोन आणला तर आधी काय करता? मोटरसायकल कशी शिकलात, कुणी धरून की एकटेच पडत-झडत? लग्नकार्यात तुम्ही कुठे सापडता, मांडवात की मागे भांड्यांपाशी? आधी आईवर करून बघितले. आई शाळेत शिक्षिका होती. तिने पहिल्या प्रश्नाला विचारलं, "हे मी बाई म्हणून सांगू की आई म्हणून?" मी म्हटलं, आई म्हणून. ती म्हणाली, "मग फोनला हातच लावत नाही, तू यायची वाट बघते. बाई म्हणून विचारशील तर पुस्तिका वाचते." म्हणजे घरचं माणूस म्हणून विचारलं की उत्तर वेगळं येत होतं. प्रश्न बरे होते.

सकाळी मी आणखी एक गोष्ट केली. स्कोअरबोर्डवरची नावं झाकली. आता ज्याला त्याला फक्त आपले मार्क दिसणार. कारण विचारलं तर प्रायव्हसी म्हणून सांगायचं ठरवलं होतं. कुणी विचारलं नाही.

नवे प्रश्न भरले गेले ते दहा दिशांना. रफिक फोन आणला की खोक्यातून काढून आधी सगळी बटणं दाबतो. इंजिनवाला मित्राला फोन करून विचारतो. नामदेव कागद वाचतो, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, गॅरंटीकार्डासकट. बोटीवर चारही टाइप होते, जसे कुठल्याही वर्गात असतात.

हसनचाचांचे प्रश्न मी तोंडी विचारले, केबिनमध्ये उभं राहून. त्यांनी सुकाणूवरचा हात काढला नाही.

"घरी नवा फोन? घरी मी कशाला काय करतो, बेटी. घरी तुझी चाची तांडेल. फोन नातीच्या हातात देतो. ती काय काय दाबते ते बगत बसतो. मग ती झोपली की एकटा करून बगतो."

"आणि लग्नात?"

"कोपऱ्यात. पंख्याखाली. तिथून सगळं दिसतं."

मी आकडे टाकले. हसनचाचा निरीक्षक. माझ्यासारखेच, जवळजवळ उत्तराला उत्तर. सगळ्या बोटीने ज्या माणसाकडे बघून 'नायक' लिहिलं होतं, तो माणूस घरी माझ्या टाइपचा होता. मला हसू आलं. चाचांनी विचारलं नाही का हसतेस. ते समोर पाण्याकडे बघत होते.

थोड्या वेळाने तेच म्हणाले, "तू नावं झाकलीस."

"हो. सगळ्यांचे मार्क एकदम वाढले."

"वाढनारच. कितीक दिस माझ्या खाली अडकून व्हते. मला दिसत नव्हतं काय? मी पहाटे फजरची नमाज झाली की रोज दोन-दोन धडे जास्ती करायचो. म्हटलं माजं नाव जरा वर गेलं की पोरांना खाली जागा होईल." त्यांनी सुकाणू थोडं फिरवलं. "या वयात लई अभ्यास झाला."

शुक्रवारची मीटिंग पाटीलसाहेबांच्या ऑफिसात होती, धक्क्याच्या वरच. टेबलावर लॅपटॉप, त्यात मेघना बेलापूरहून. मी बाजूच्या खुर्चीवर. आदल्या रात्री मेघनाला सगळं लिहून पाठवलं होतं. तिने वाचलं होतं, पण घाईत.

तिने सुरुवात छान केली. डेटा रिव्ह्यू झाला, काही सांस्कृतिक घटक आढळले, बाकी क्रूला क्लीन मानता येईल. पाटीलसाहेब म्हणाले, "क्रूचं ठीक. नामदेवचं काय? सगळं त्याच्याच फोनवरून झालंय."

क्लायंटशी पुढच्या वर्षाचा करार बोलण्यात होता, हे मला माहीत होतं. मेघना म्हणाली, "सर, त्याच्यापुरता तुमचा रिमार्क ठेवता येईल. इट्स युअर कॉल. सायलीनेही साइटवर सगळं बघितलंय. ती थोडी शांत आहे, म्हणून मीच सांगते."

पाटीलसाहेबांनी पेन उचललं. मला दाराआड लपणारी मुलगी आठवली. तिला मी कधी पाहिलेलं नाही.

"सर," मी म्हणाले, "तुमच्या ऑफिसनेही हाच कोर्स केलाय. त्याचे मार्क बघता का?"

दोघेही माझ्याकडे बघायला लागले. मेघना स्क्रीनमधून.

मी माझा लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. ऑफिसचा स्कोअरबोर्ड; तिथेही सगळे नायकच निघाले होते. सगळ्यात वर पाटीलसाहेब. खाली एका मार्काने अकाउंट्सचे सावंत, त्याखाली तिकीट खिडकीवरचे दोघे. शेजारी बोटीचा आलेख ठेवला. रेघा त्याच, वरचं नाव तेवढं वेगळं.

साहेबांनी दोन्हीकडची नावं बोट ठेवून वाचली. मग दाराकडे तोंड करून हाक मारली. "सावंत, तो सुरक्षेचा कोर्स अवघड गेला का हो?"

सावंत दारात आले. "नाही साहेब. म्हणजे... तुमच्याइतके मार्क काही जमले नाहीत."

"किती वर्षं झाली तुम्हाला अकाउंट्सला?"

"बावीस, साहेब."

"आणि मार्कांच्या बेरजेत माझ्यापेक्षा एकने कमी?"

सावंतांनी चष्मा काढून पुसायला घेतला. त्यांना प्रश्नाचा रोख कळला नव्हता, किंवा फार चांगला कळला होता. साहेब हसायला लागले. आधी नाकातून, मग मोठ्याने. मी त्या हसण्यातच हॉटस्पॉटचं सांगून टाकलं, रेंजचं, आणि नव्या प्रश्नांचं. वाक्यं तुटक होती. मला वाटतं त्या दिवशी मी महिन्याभराचा कोटा संपवला.

काय झालं ते सांगते. शेरा लागला नाही. नामदेवचं नाव परीक्षेच्या यादीत राहिलं. दुसरी बोट अजून आलेली नाही, सरकारी कागद फिरतायत, पण तो या पावसानंतर ट्रॉलरवर गेला नाही. हॉटस्पॉटचा रिचार्ज आता कंपनी भरते. कोर्स मी बदलला. आधी टाइप ठरवायचा आणि मग धडा द्यायचा, हे काढून टाकलं. आता प्रत्येक धडा तीन प्रकारे आहे: ऐका, बघा, वाचा. ज्याला जे हवं ते त्या दिवशी निवडावं. रफिक ऐकतो, एका कानात. नामदेव वाचतो. चाचा आज हे, उद्या ते. सिस्टिमला त्यांचा काही अंदाज येत नाही, आणि त्याने कुणाचं बिघडत नाही. स्कोअरबोर्डवर नावं नाहीत. रफिक आता मला 'सीसीटीव्ही मॅडम' म्हणतो, ही बढती समजावी.

धंद्याचा म्हणून जो धडा मी शिकले तो छोटा आहे. तुम्ही कसे आहात, असं कुणाला विचारायच्या आधी बघून घ्यावं, की तो उत्तर देताना त्याच्या डोक्यावर कोण उभं आहे. नाहीतर उत्तर त्या वरच्याचंच येतं.

त्या मीटिंगचा शेवट मात्र सांगायचा राहिला. सावंत परत गेले होते. पाटीलसाहेबांनी रिपोर्टचा फॉर्म पुढे ओढला. प्रत्येकाच्या नावापुढे एक रकाना होता, 'लर्नर टाइप'. आमच्या प्रॉडक्टचं तेच वैशिष्ट्य, त्याशिवाय रिपोर्ट पूर्ण होत नाही.

"मग आता हसनचाचांपुढे काय लिहायचं?" त्यांनी विचारलं. "बोटीवर नायक, घरी निरीक्षक. सिस्टिम काय म्हणते?"

मेघना बोलायला लागली, "सर, त्यासाठी आपण सायलीला ऑफलाइन..." आणि मी तिच्या बोलण्यात बोलले. हे मी आजवर कधी केलं नव्हतं.

"काहीच लिहू नका, सर. तो रकाना रिकामा ठेवा. सगळ्यांचाच."

मग मी लॅपटॉपकडे वळले.

"आणि मेघना, माझाही."